गाडी काढावीच का लागते? पुण्याची वाहतूक धोरणं आणि आपलं गाडी चालवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांच्या सभा, प्रभागातल्या बैठका, व्हॉट्सॲपवरचे लांबलचक मेसेज, सगळीकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र करून उत्तरं दिली आहेत. उदाहरणं बहुतेक पुणे-पिंपरी चिंचवडची आहेत, कारण विचारणारेही तिथलेच. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गाडी काढायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यात महापालिकेच्या धोरणाचा काय संबंध?

ठरवतो आपणच, पण कशातून निवडायचं हे आधीच ठरून गेलेलं असतं. कोथरूडहून डेक्कनला निघालेला माणूस चपला घालतानाच हिशेब करतो: बस किती वेळाने येईल, थांब्यापर्यंत धड चालता येईल का, तिकडे गाडी लावायला जागा मिळेल का आणि तिचे पैसे पडतील का. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी फाइलवर सही करून ठरवलेली आहे. तोच माणूस नोकरीसाठी मुंबईला गेला की महिनाभरात लोकलचा पास काढतो आणि गाडी सोसायटीत धूळ खात पडते. पुण्याला परतला की पहिल्या आठवड्यात स्कूटर सर्व्हिसिंगला टाकतो. एवढ्यात त्याचा स्वभाव काही बदललेला नसतो.

२. पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त आहेत, हे खरं का?

नोंदणीच्या आकड्यांनुसार खरं. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांवर गेला आणि शहराची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांच्या आसपास धरली जात होती. त्यात सुमारे पाऊण वाटा दुचाकींचा. मात्र आरटीओच्या वहीत एकदा चढलेली गाडी भंगारात गेली तरी सहज उतरत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या यापेक्षा कमी असणार. आमच्या मते हा आकडा भाषणात टाळ्या घेण्यापुरताच कामाचा आहे. रोज किती गाड्या किती किलोमीटर धावतात, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. महिन्यातून दोनदा महाबळेश्वरला जाणारी गाडी आणि रोज वाघोली-हिंजवडी करणारी गाडी, दोन्ही वहीत एकेकच.

३. रस्ते रुंद केले, उड्डाणपूल बांधले की कोंडी सुटते ना?

सुटते, काही काळ. मग हळूहळू भरते. रस्ता मोकळा झाल्याची बातमी पसरायला वेळ लागत नाही: लांबून वळसा घालणारे इकडून येऊ लागतात, गर्दी टाळून सकाळी सातला निघणारे नऊला निघू लागतात, बसने जाणारे स्कूटर काढतात. दोन-चार वर्षांत चौथा गट येतो, ‘आता वीस मिनिटांत पोचतो’ म्हणून आणखी लांब फ्लॅट बुक करणाऱ्यांचा. अमेरिकेतल्या शहरांच्या आकडेवारीवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात असं दिसलं, की शहरातल्या महामार्गांची लांबी जितके टक्के वाढते, जवळपास तितकेच टक्के गाड्यांचं एकूण धावणंही वाढतं. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत वाढवत नेला, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ मार्गिका झाल्या, आणि पुढच्या काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

पुण्याचं उदाहरण विद्यापीठ चौकाचं. तिथले उड्डाणपूल जेमतेम दीड दशक टिकले आणि २०२० मध्ये पाडले, कारण मेट्रोला आणि नव्या दुमजली पुलाला ते आडवे येत होते. पूल बांधताना पुढच्या पंधरा वर्षांत इथून काय जाणार आहे, याचा विचार झाला असता तर एक बांधकाम आणि एक पाडकाम, दोन्ही वाचलं असतं.

म्हणजे प्रत्येक रस्ता वाईट असं नाही. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडून नवी रचना ऑगस्ट २०२३ मध्ये खुली झाली. तिथे मार्गच आवळलेला होता आणि तो सोडवणं गरजेचं होतं. फरक एवढाच, की अडलेली जागा मोकळी करणं वेगळं आणि शहरभर गाडीचा वेग वाढवत सुटणं वेगळं. ‘मिसिंग लिंक’ (मध्येच तुटलेले रस्ते जोडणं) या नावाखाली पुण्यात दोन्ही गोष्टी एकाच यादीत येतात, म्हणून प्रत्येक रस्त्याची छाननी वेगळी करावी लागते. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला २०२३ मध्ये एवढा विरोध झाला त्यात टेकडी वाचवण्याचा मुद्दा मोठा होताच, पण ‘हा रस्ता भरला की पुढे काय’ हाही होता.

४. मग मे महिन्यात रस्ते एवढे मोकळे कसे? तेव्हा कुठलं धोरण बदलतं?

शाळा-कॉलेजांना सुट्टी लागते, काही कुटुंबं गावाला जातात, बस्स. गाड्या निम्म्या झालेल्या नसतात. रस्ता काठोकाठ भरलेला असला की थोड्याशा गाड्या वाढल्या तरी सगळं तुंबतं आणि थोड्याशा कमी झाल्या तरी वाहतं होतं. म्हणून ‘सगळ्यांनी गाड्या विकून बसने जायचं का?’ हा टोमणा गैरलागू आहे. दहातल्या एक-दोघांनी रोजची फेरी बदलली तरी उरलेल्या आठांना मे महिना मिळतो. त्या एक-दोघांच्या जागी लगेच दुसरे येऊ नयेत, यासाठी मात्र प्रश्न ५ आणि १५ मधले उपाय लागतात.

५. गाडी लावायच्या जागेचा गाडी चालवण्याशी एवढा काय संबंध?

सगळ्यात जास्त संबंध त्याचाच आहे, आणि बोलायला कुणी तयार नसतं तेही त्यावरच. गाडी दिवसाचे बावीस-तेवीस तास उभी असते. एका चारचाकीला साधारण साडेबारा चौरस मीटर लागतात, म्हणजे १३० चौरस फुटांच्या वर. लक्ष्मी रस्त्यावर तेवढ्या गाळ्याचं भाडं काय पडतं ते विचारून पाहा. गाळ्यासमोरची तेवढीच जागा गाडीवाल्याला फुकट मिळते, आणि फुकट मिळणारी जागा कायम भरलेलीच असते. मग जागा शोधत त्याच दोन गल्ल्यांना चकरा मारणाऱ्या गाड्या, दुहेरी रांगेत ‘पाचच मिनिटं’ लावलेल्या गाड्या आणि पी-१, पी-२ च्या (तारखेप्रमाणे रस्त्याच्या एकाच बाजूला गाडी लावण्याच्या) पाट्यांखाली चालणारी टोइंगवाल्यांशी हुज्जत, हे सगळं त्यातून येतं. शेवटी चालणारा रस्त्यावर उतरतो, कारण फूटपाथवर स्कूटरची रांग असते.

तासावर पैसे लावले की लोक विचार करतात: दहा मिनिटांचं काम असेल तर लावतात, दिवसभराचं असेल तर मेट्रोने येतात. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये असं धोरण आणलं होतं. विरोध एवढा झाला, की ते पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापुरतं उरलं, आणि ते पाच रस्तेही वर्षानुवर्षं कागदावरच राहिले. सगळे विरोधी पक्ष तेव्हा एका सुरात बोलत होते, हे पुण्यात विरळाच.

६. आम्ही रोड टॅक्स भरतो. पुन्हा पार्किंगचे पैसे का द्यायचे?

मोटार वाहन कर राज्य सरकारकडे जातो आणि तो गाडी बाळगण्याचा, चालवण्याचा आहे. महापालिकेच्या जागेवर गाडी उभी करून ठेवण्याचा हक्क त्यात येत नाही. शिवाय महापालिकेचा मिळकत कर गाडी नसलेलेही भरतात.

७. नव्या इमारतींना पार्किंग सक्तीचं आहे. हे तरी बरोबर ना?

राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत घराच्या चटई क्षेत्रफळानुसार किती चारचाकी आणि किती दुचाकींची जागा सोडायची, याचं कोष्टकच आहे. हेतू चांगला: गाड्या रस्त्यावर येऊ नयेत. परिणाम मात्र दुहेरी होतो. खाली तीन-चार मजल्यांचा पोडियम किंवा स्टॅक पार्किंग करायचा खर्च फ्लॅटच्या किमतीत मिसळतो. गाडी नसलेल्यालाही तो भरावा लागतो, आणि एकदा पैसे मोजले की ‘जागा आहेच तर गाडी घेऊ’ हा विचार आपोआप येतो. मेट्रो स्थानकाच्या शेजारी घर घेणाऱ्याने गाडीशिवाय राहावं अशी अपेक्षा करायची आणि त्यालाच गाडीची जागा विकायची, हा उलटा कारभार आहे.

मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये नियम फिरवला. किमान इतकं पार्किंग हवंच, ही अट काढून कमाल इतकंच, अशी मर्यादा घातली. आपल्याकडे निदान मेट्रोलगतच्या पट्ट्यात तरी हे करून पाहायला हरकत नाही. मात्र रस्त्यावरचं फुकट पार्किंग (प्रश्न ५) तसंच ठेवून इमारतीतलं कमी केलं, तर गाड्या थेट रस्त्यावर येतील.

८. जागा दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी नाही, असा नियम झाला तर?

राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये हा विचार मांडल्यापासून हा प्रश्न रोज येतो. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून ही पद्धत आहे. पोलिस जागेची खातरजमा करून प्रमाणपत्र देतात. तिथे ती चालते याचं मोठं कारण म्हणजे रात्री रस्त्यावर गाडी सोडणं खरोखर चालत नाही. आपल्याकडे दाखला मिळवणं सोपं आणि रस्त्यावर लावणं त्याहून सोपं, त्यामुळे कागदापुरतं पालन होईल. दुसरं असं, की अशा नियमाने गाडी घेणं कमी होतं. घेतलेली गाडी रोज बाहेर काढणं कमी होईलच असं नाही. आणि पुण्यात दुचाकींना वगळलं, तर उरतं काय?

९. बसचं भाडं वाढवलं म्हणून लोक स्कूटरवर गेले, हे कितपत खरं?

हिशेब करून पाहा. दोन्ही शहरांची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीने जून २०२५ पासून किमान भाडं ५ वरून १० रुपये केलं, पहिल्या पाच किलोमीटरपर्यंत. नवरा-बायको पाच किलोमीटरवर जाणार तर बसचे २० रुपये. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर त्याच अंतराला १२ रुपयांच्या आत. स्कूटर दारात उभी आहे, वाट पाहायची नाही, तिकडे लावायला फुकट. स्कूटरची किंमत, विमा, टायर हे सगळं खरं तर धरायला हवं, पण रोज सकाळी निघताना ते कुणी धरत नाही. धरतात ते फक्त पेट्रोल. मासिक पासही ९०० वरून १५०० झाला, म्हणजे ज्या नेहमीच्या प्रवाशावर बस चालते त्यालाही मोठा फटका.

उलट बाजू मुंबईत दिसली. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आणलं आणि प्रवासी वाढले. मे २०२५ मध्ये तेही १० झालं.

पीएमपीचीही बाजू आहे. तूट पुणे आणि पिंपरी चिंचवड महापालिकांनी मुख्यतः ६०-४० अशी वाटून घेतली आहे, आणि दरवर्षी ‘तोटा, तोटा’ म्हणून ओरड होते. उड्डाणपुलाचा तोटा कुणी काढत नाही.

१०. मग बस सरळ फुकटच करा की.

याने गर्दी वाढते, पण बसमधली. एस्टोनियाच्या टॅलिनने २०१३ मध्ये आपल्या रहिवाशांसाठी आणि लक्झेंबर्गने मार्च २०२० मध्ये सार्वजनिक वाहतूक मोफत केली. दोन्हीकडे गाडीवाले फारसे हलले नाहीत. जे चालत किंवा आधीच बसने जात होते, त्यांचा फायदा झाला. ती गोष्ट छोटी नाही. आपल्याकडे एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि त्यामुळे कितीतरी बायकांचं बाजाराला, माहेराला, दवाखान्यात जाणं सोपं झालं. पण ‘गाड्या कमी करणं’ हा हेतू असेल तर आधी बस वेळेवर आणि पुरेशी हवी. केंद्राच्या निकषाप्रमाणे चांगल्या सेवेसाठी लाख लोकसंख्येमागे ६० बस धरतात. दोन्ही शहरं मिळून साठ-सत्तर लाख माणसं धरली तर साडेतीन हजारांच्या वर बस हव्यात. पीएमपीचा ताफा गेली कित्येक वर्षं दोन हजारांच्या अलीकडे-पलीकडे घुटमळतो आहे, आणि त्यातल्या रोज सगळ्याच डेपोबाहेर पडतात असंही नाही.

११. मेट्रो आली, तरी गर्दी तशीच. पैसे वाया गेले का?

पहिले दोन तुकडे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले: वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी चिंचवड मनपा ते फुगेवाडी. पहिले काही महिने लोक सहलीसारखे डबे घेऊन बसायचे, कारण मेट्रो कामाच्या ठिकाणी पोचतच नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही मार्ग सिव्हिल कोर्टला जुळले, मार्च २०२४ मध्ये रामवाडी गाठलं, सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्ग स्वारगेटला टेकला. प्रत्येक जोडणीनंतर वापर वाढला, कारण दोन टोकांपेक्षा जाळं जास्त उपयोगी.

तरी रस्ते मोकळे झाले नाहीत, त्याची दोन कारणं. मेट्रोने उचललेल्या प्रवाशाची रस्त्यावरची जागा दुसऱ्याने घेतली (प्रश्न ३ मधलंच कारण). आणि स्थानकापासून घर-ऑफिसपर्यंतचा शेवटचा तुकडा अजून अवघड आहे. स्थानक चकाचक, सरकता जिना, स्वच्छ फलाट. जिन्यावरून खाली उतरलं की फूटपाथवर विजेचा डीपी बॉक्स, त्याला लागून वडापावची गाडी, पुढे उखडलेला पेव्हर ब्लॉक आणि समोरून उलट्या दिशेने येणारी मोटरसायकल. तिकीट १० ते ३५ रुपये आणि पुढच्या दीड किलोमीटरला रिक्षावाला मीटरशिवाय ६० मागतो. मग माणूस थेट घरूनच स्कूटर काढतो.

१२. बीआरटी तर फसलीच ना? मग बससाठी वेगळी लेन पुन्हा कशाला?

बीआरटीची कल्पना फसली असं म्हणणं घाईचं होईल. पुण्यात ती ज्या प्रकारे राबवली, ते फसलं. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा देशातला पहिला मार्ग सुरू झाला. थांब्यांना पोचायला धड क्रॉसिंग नाही, लेन मध्येच तुटलेली, त्यात दुचाकी घुसणारच. २०१५ पासून आलेल्या ‘रेनबो’ मार्गांची आखणी बरीच बरी होती, आणि पिंपरी चिंचवडमध्ये औंध-रावेतसारख्या रुंद रस्त्यांवर बस खरोखर वेगाने धावली. नगर रस्त्यावरची बीआरटी मात्र गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उखडली. कारण दिलं गेलं कोंडीचं. एकाच नगर रस्त्यावर हजारो कोटींची मेट्रो आणायची आणि तिथेच बसची लेन काढून गाड्यांना द्यायची, याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं.

लेन रिकामी दिसते हा नेहमीचा आक्षेप. साठ माणसांची बस दोन मिनिटांनी एक गेली तरी तासाला १,८०० माणसं जातात आणि मधल्या वेळात लेन रिकामीच दिसते. शेजारच्या लेनमध्ये गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, म्हणून ती भरलेली वाटते.

१३. हिंजवडीची कोंडी सुटतच नाही. तिथे कुठलं धोरण चुकलं?

क्रम चुकला. २००० च्या आसपास कंपन्या यायला लागल्या. जमीन एमआयडीसीने दिली, आजूबाजूला ग्रामपंचायती. घरं कुठे होतील, माणसं कशाने येतील, पाणी-सांडपाणी काय, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. मधल्या अठरा वर्षांत एका पिढीने गाडीच्या कर्जाचे हप्ते भरून आपली सोय आपणच केली, कंपन्यांनी बसगाड्या लावल्या आणि वाकड-बाणेरला त्या हिशेबानेच टॉवर उभे राहिले. आता मेट्रो धावली तरी ही लागलेली सवय आणि झालेली बांधकामं लगेच बदलणार नाहीत. उपयोग होईल, पण अठरा वर्षं आधी झाला असता तेवढा नाही.

१४. दुकान खिडकीतून दिसतं, पण पोचायला गाडी लागते. हे असं का?

भिंतींमुळे. बाणेर, वाकड, खराडीकडे मोठ्या प्लॉटवर सोसायट्या झाल्या, प्रत्येकीला चहूबाजूंनी कंपाउंड आणि मुख्य रस्त्याला एकच गेट. मागच्या गल्लीतला किराणावाला सरळ रेषेत दोनशे मीटरवर असतो आणि गेटमधून फिरून गेलं तर एक किलोमीटरच्या वर. दुधाच्या पिशवीसाठी ॲक्टिव्हा निघते. पेठांत हे होत नाही: खाली दुकान, वर घर, दोन वाड्यांमधून बोळ. विकास आराखड्यात छोटे रस्ते आणि पायवाटा आखलेल्या असतील आणि त्या ताब्यात घेतल्या गेल्या तर असं होत नाही. जून २०२१ मध्ये २३ गावं आल्यावर पुणे महापालिका ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेली. तिथे अजून बरीच जमीन मोकळी आहे, म्हणजे हे अजून टाळता येईल. एक सोपा उपाय सोसायटीच्या हातातही आहे: मागच्या भिंतीला माणूस जाईल एवढं फाटक आणि त्याला एक वॉचमन. सुरक्षेच्या नावाखाली हा ठराव बहुतेक सभांमध्ये पडतो.

१५. लंडनसारखा गर्दी कर लावला तर? गरिबाने काय करायचं?

सिंगापूरने १९७५ मध्ये मध्यवर्ती भागात शिरायला परवाना लावला आणि १९९८ मध्ये तो इलेक्ट्रॉनिक केला. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये ५ पौंडांनी सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये जानेवारी २०२५ पासून ९ डॉलर. शिकण्यासारखं सगळ्यात जास्त स्टॉकहोममध्ये आहे. तिथे लोकांचा विरोध होता, म्हणून २००६ च्या जानेवारी ते जुलै फक्त प्रयोग केला. हद्दीवरची वाहतूक साधारण २० टक्के घटली. प्रयोग संपल्यावर सप्टेंबरात मतदान घेतलं तेव्हा शहरातल्या बहुमताने ‘हो’ म्हटलं, आणि ऑगस्ट २००७ पासून कर कायमचा झाला. फायदा डोळ्यांनी दिसल्यावर मत बदललं.

गरिबाचा प्रश्न रास्त आहे, पण पुण्यात मध्यवस्तीत चारचाकीने रोज येणारा माणूस गरीब क्वचितच असतो. गरीब बसमध्ये, सायकलवर किंवा पायी असतो आणि त्याचा वेळ इतरांच्या कोंडीत जातो. खरी अडचण दुचाकीची. त्यावर कर लावला तर डिलिव्हरीवाला, वायरमन, घरकामाला जाणाऱ्या बायका यांच्यावर बोजा. नाही लावला तर पाऊण वाहनं सुटतात. लंडनने पहिल्या दिवसापासून मोटरसायकलींना वगळलं, आणि त्याच दिवशी जादा बसही सोडल्या. बस नसताना (प्रश्न १०) हा कर लावणं म्हणजे नुसती वसुली होईल. म्हणून पुण्यासाठी आमचा क्रम असा: आधी पार्किंगचे पैसे, आधी बस, मग हा विचार.

१६. दिल्लीसारखं सम-विषम का नाही?

पंधरा दिवसांपुरतं चालतं. दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये ते झालं तेव्हाही दुचाकी आणि महिला चालकांना सूट होती. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये आठवड्यातला एक दिवस गाडी बंद ठेवायचा नियम आणला आणि पुढे तो कायमचा केला, तेव्हा ऐपत असलेल्यांनी वेगळ्या नंबरची दुसरी, बऱ्याचदा जुनी आणि जास्त धूर सोडणारी गाडी घेतली. पुणेकर यापेक्षा वेगळं काही करतील असं मानायला जागा नाही.

१७. रस्ता गाड्यांना बंद केला तर दुकानदारांचं काय? आणि त्या गाड्या कुठे जातात?

काही गाड्या शेजारच्या रस्त्यावर जातात. बऱ्याच निघतच नाहीत: कुणी वेळ बदलतं, कुणी जवळच्या बाजारात जातं, कुणी बस धरतं. सोलमध्ये चोंगगेचोन ओढ्यावरचा उन्नत रस्ता, ज्यावरून रोज लाखाच्या आसपास गाड्या जायच्या, २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तिथे खुला ओढा आणि चालायची जागा आली. दरम्यान २००४ मध्ये शहराने बससेवेची सगळी रचना बदलली. शहर ठप्प झालं नाही.

दुकानदारांची भीती समजण्यासारखी आहे, कारण त्यांना गाडीतून उतरणारं गिऱ्हाईक दिसतं आणि पायी आलेलं गर्दीत मिसळून जातं. ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रस्ता बंद ठेवतात तेव्हा दुपारनंतर तिथे तोबा गर्दी असते. एका दिवसाच्या उत्सवावरून रोजचा धंदा ठरत नाही, हेही खरं. म्हणून माल उतरवायच्या वेळा ठरवून, कोपऱ्यांवर रिक्षाथांबे ठेवून काही महिन्यांचा प्रयोग करणं बरं. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद केला तेव्हाही धंदा बुडेल अशी ओरड होती. संध्याकाळी तिथल्या बाकांवर जागा मिळते का बघा.

१८. मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. आता तरी कोंडी करणाऱ्यांच्या यादीतून माझी सुटका?

धुरापुरती हो. जागा तेवढीच लागते आणि कोंडीत ती तेवढीच भर घालते. उलट किलोमीटरचा खर्च पेट्रोलच्या कितीतरी खाली आल्यामुळे जास्त फिरण्याचा मोह होतो. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात काही मोठ्या रस्त्यांवर अशा चारचाकींना टोलही माफ आहे. हवेसाठी धोरण बरोबर. रस्त्यावरच्या गर्दीसाठी त्याचा उपयोग नाही. तोच पैसा ई-बसला गेला तर दोन्ही साधतं.

१९. तक्रार नेमकी कुणाकडे करायची? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

कारण कारभारच तसा वाटलेला आहे. शहरातले रस्ते आणि फूटपाथ महापालिकेकडे, वाहतूक पोलिस राज्याच्या गृह खात्याकडे, बस दोन महापालिकांच्या मालकीच्या कंपनीकडे, मेट्रो केंद्र-राज्याच्या महामेट्रोकडे, हिंजवडीची मेट्रो पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडे, कात्रज-देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात गाड्यांऐवजी माणसं हलवण्याचा विचार करा आणि मोठ्या शहरांत एकच वाहतूक प्राधिकरण नेमा, असं स्पष्ट म्हटलं होतं. पुण्यासाठी तसं प्राधिकरण कागदावर आहे, पण तिजोरी प्रत्येकाची वेगळीच राहिली.

व्यवहारात: फूटपाथ, अतिक्रमण यासाठी क्षेत्रीय कार्यालय, बसथांबा, फेऱ्या आणि मार्गासाठी पीएमपीचा डेपो मॅनेजर, सिग्नलची वेळ आणि पी-१, पी-२ साठी वाहतूक शाखा. लेखी द्या आणि पोच घ्या.

२०. हे सगळं पुण्याचं झालं. गोव्यात, छोट्या गावांत काय?

तिथे प्रश्न वेगळा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या सुमारे ४५ टक्के घरांकडे चारचाकी होती. देशाची सरासरी ८ टक्क्यांच्याही खाली. श्रीमंती हे एक कारण, पण वस्ती वाड्या-वाड्यांत विखुरलेली आणि अंधार पडला की बस विरळ, हे त्याहून मोठं. अशा ठिकाणी पार्किंगचे दर लावून फारसं काही होणार नाही. संध्याकाळी सातनंतरच्या दोन फेऱ्या जास्त काम करतील. नाशिकने २०२१ मध्ये महापालिकेची स्वतःची बससेवा सुरू केली. मध्यम शहरांनी मेट्रोची स्वप्नं पाहण्याआधी तिकडे बघावं.

२१. माझी आई व्हीलचेअरवर आहे, बायको रात्रपाळीची नर्स आहे. आम्हीही गाडी सोडायची का?

नाही. तुम्हाला गाडी लागते आणि लागणार. पार्किंगच्या दरांत अपंगांसाठी राखीव जागा, हॉस्पिटलसमोर वेगळी मुभा आणि रात्री सवलत ठेवता येते; नियम लिहिताना या ओळी मागून घ्या, कारण कुणी मागितल्या नाहीत तर त्या मसुद्यात येत नाहीत. हरकती-सूचनांची मुदत बहुधा ३० दिवसांची असते आणि जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छोट्या टायपात येते. आणि आईला दवाखान्यात नेताना रॅम्पसमोर स्कूटर लावलेली असेल तर नंबरप्लेट आणि रॅम्प दोन्ही दिसतील असा फोटो काढून वाहतूक शाखेला पाठवा. नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवरून अडथळा होता हे सिद्ध होत नाही.